उकंडाजींनी तुडवलेला उतार

पांढरकवड्याच्या जिनिंगांमध्ये कापसाची गाडी भरायची असली की आधी उकंडाजींना हाक जाते. गाडीत कापूस टाकायला दहा माणसं मिळतात. टाकलेला कापूस तुडवायला मात्र माणूस लागतो. नुसतं वजन असून भागत नाही. वजनदार गडी एका जागी खड्डा करतो आणि बाजूचा कापूस फुगवून ठेवतो, मग गाडी हायवेला लागली की पहिल्याच वळणावर एका अंगाला झुकते. उकंडाजींनी तुडवलेली गाडी झुकत नाही. त्रेसष्ट वर्षांचा, बावन्न किलोचा हा माणूस चपला खाली काढून गाडीत चढतो, कारण पिकावर चपलेनं पाय द्यायचा नाही हा त्यांच्या घरचा नेम. आधी चारही कोपरे. मग कडा. मग कडेकडून आत, टाच आधी आणि पंजा मागून. मधला भाग सगळ्यात शेवटी. खाली कुठं पोकळ राहिलं तर त्यांच्या तळपायाला कळतं. मी त्यांची शेजारीण, पण माझा विश्वास नव्हता. मी एकदा मुद्दाम कापसात रिकामी टोपली पुरून पाहिली होती. त्यांनी तिसऱ्या फेरीत ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, टोपली इसरल्या तुमी."

आमच्याकडे सत्कार होतात ते शाल घ्यायला खांदे रिकामे असलेल्या लोकांचे. उकंडाजींच्या खांद्यावर कायम काही ना काही असतं, म्हणून त्यांचा कोणी केला नाही. मी हे लिहिते आहे ते त्यासाठी नाही. मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती दुसऱ्या कोणी चुकीची सांगण्याआधी मला सांगायची आहे.

नावाचंही सांगून टाकते, कारण लोक हसतात. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली. हे जन्मले तसं आजीनं त्यांना उचलून गावाबाहेरच्या उकंड्यावर, शेणखताच्या ढिगावर, नेऊन ठेवलं आणि शेजारणीनं परत आणलं. टाकून दिलेल्या पोराला मरण शिवत नाही अशी समजूत. घरानं धम्म घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती. विचार बदलला होता, भीती बदलायची राहिली होती. मी चळवळीत नवीन होते तेव्हा सगळंच बदलायला निघाले होते. त्यांना म्हटलं, हे नाव बदला. ते म्हणाले, "कायले? उकंड्यावरून उठून आलो हे माह्या नावातच लिवलं हाय. तुमच्या नावात काय लिवलं हाय?"

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांची बायको रुखमाबाई त्याच जिनिंगात रुईतला कचरा वेचते. मुलगा अमर. तोही बापाच्या टोळीत कापूस तुडवायचा. त्याची बायको तापानं गेली तेव्हा पोरगी उर्वशी चार वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात अमरनं एक गाडी भरली, तुडवली, आणि तिच्याच केबिनमध्ये बसून निघून गेला. आमच्या गावावरून जाणारा हायवे धरून बसलात तर तो थेट काश्मीरपर्यंत नेतो. अमर धाब्यांवर पोळ्या भाजत, भाज्या परतत वर वर सरकत गेला आणि शेवटी हिमाचलात शिलठाच नावाच्या एका लहानशा गावात आचारी म्हणून टिकला. दोन वर्षांनी एकदा येतो. उर्वशी वाढली ती आजी-आजोबांच्या घरात आणि जिनिंगच्या आवारात. तिथं सरकीचे डोंगर असतात, दोन मजली. पोरं त्यावर चढतात आणि उभ्यानं घसरत खाली येतात. सरकी पायाखालून पळते, तोल गुडघ्यात धरावा लागतो. वॉचमन हाकलतो. उर्वशीला त्यानं सगळ्यात जास्त हाकललं असेल.

गेल्या वर्षी डिसेंबरात अमरचा फोन आला. तो जिथं आचारी आहे तिथं बर्फावर घसरायला शिकवतात, लाकडी पट्ट्यांसारख्या स्की पायाला बांधून. जानेवारीत मुलांचं सहा दिवसांचं शिबिर आहे. उर्वशी आता बारा वर्षांची झाली, तिला घेऊन या, तुम्हीही बर्फ पाहा.

उकंडाजी हंगामात कधी सुट्टी घेत नाहीत. त्यांनी टोळीला विचारलं, टोळी म्हणाली जा. मग ते माझ्याकडे आले.

"ताई, तुमी चाला संगं. आमाले बोलता येते, भांडता येत नाई."

नागपूरला गाडीत चढलो तेव्हा आमच्या बर्थवर एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. मी तोंड उघडलं. उकंडाजी मागून म्हणाले, "यासाठीच आनलं तुमाले." पुढचं सांगत नाही. बर्थ मिळाला.

शिलठाच म्हणजे मोठ्या मोठ्या जाहिरातीतलं ठिकाण नाही. आपल्या शाळेचं मैदान तीनदा लांबवलं तर होईल एवढा एक उतार. बाजूनं एक दोर फिरतो, डिझेल इंजिनावर. तो धरला की वर ओढला जातो माणूस. खाली लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, सहा खोल्या आणि अमरचं स्वयंपाकघर. चंदीगड-लुधियानाकडची कुटुंबं येतात. लेकरं प्लॅस्टिकच्या घसरगाड्यांवर ओरडत असतात, आया रजई पांघरून बाकावर चहा पितात, एक आजी उन्हात मटार सोलत बसलेली. गाणी लावत नाहीत, हे मला फार आवडलं.

सगळा कारभार बघणारा आणि शिकवणारा माणूस म्हणजे नेमसिंग नेगी. चाळिशीचा, उन्हानं भाजलेला, डोळे कायम बारीक केलेले. त्याचं नाव ऐकून रुखमाबाईंना वाटलं आपल्या दारव्ह्याकडचाच कोणी बंजारा आहे.

"कोनत्या तांड्यावरचा रे बाप्पा तू?" त्यांनी विचारलं.

अमरनं त्याला हिंदीत समजावलं. नेमसिंग हसला, म्हणाला, "यही तांडा है, माताजी." तेव्हापासून तो त्यांचा लाडका झाला.

पहिल्या सकाळी रुखमाबाईंना भाड्याचा जाड सूट चढवला, आतल्या लुगड्यावरूनच. त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. "ताई, मी रुईच्या गठाणीवानी दिसून राह्यली का?"

"हाव."

"मंग मार्का मारा अन् पाठवा गुजरातले."

उकंडाजींनी मात्र पहिल्याच मिनिटाला गोंधळ घातला. उताराच्या काठाशी आले, बर्फाकडे बघितलं, वाकले आणि बूट काढले. मोजेही काढले. कोणाचं लक्ष जायच्या आत चार पावलं आत गेले. नेमसिंग पलीकडून धावत आला. "बाबाजी, जूते पहनो, उंगलियाँ गिर जाएँगी."

अमरनं बापाला उचलूनच बाकावर आणलं आणि पाय रजईत गुंडाळले. "बाबा, हा कापूस नाई."

"ते समजलं मले," उकंडाजी दात वाजवत म्हणाले. "थंडा हाय. पन खाली पोला हाय, बरं का. वरून दिसत नाई."

उर्वशी पहिल्या दिवशी पंधरा-वीसदा पडली. दुसऱ्या दिवशी चारदा. तिसऱ्या दिवशी पडलीच नाही, आणि बाकीची पोरं पडतात कशी हे बघायला वळून वळून थांबायला लागली. नेमसिंग अमरला म्हणाला, ही पोरगी आधी कुठं तरी शिकलेली आहे, खोटं सांगू नको. अमर म्हणाला, नाही हो. उकंडाजी म्हणाले, "शिकली हाय. सरकीवर." मग सरकी म्हणजे काय हे नेमसिंगला समजावण्यात त्यांचा अर्धा तास गेला, आणि दोघं एकदम मित्र झाले. दोघांचंही आयुष्य पांढऱ्या ढिगावर गेलेलं. बाकी एकमेकांची भाषा दोघांना अर्धीच कळायची.

शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर नेमसिंग स्वयंपाकघरात आला. तिथं आम्ही सगळे चुलीपाशी होतो, उर्वशी सोडून. त्यानं सांगितलं ते असं. दर हिवाळ्यात शिबिरातल्या चौदा पोरांतून दोन निवडली जातात. ती इथंच राहतात, खालच्या गावातल्या शाळेत जातात, दहावीपर्यंत इथं शिकतात, पुढं स्पर्धांना उतरतात. निवड तो करत नाही. रविवारी खालून दोन परीक्षक येणार, खांब रोवलेल्या वाटेवरून पोरांना उतरायला लावणार. "मैं कुछ नहीं कर सकता, पर मुझे लगता है यह आ जाएगी." तुमची तयारी आहे का तेवढं सांगा, म्हणाला.

रुखमाबाईंनी विचारलं, "घरी कवा येईन मंग?"

"गर्मी में, दो महीने."

अमर खाली बघत कणीक मळत राहिला. तो बाप होता, पण त्यानं आठ वर्षांत ती पोरगी वाढवली नव्हती. त्याला बोलायचा हक्क आहे का, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

"चार वरसाची होती तवापासून माह्या कुशीत झोपते ते," रुखमाबाई म्हणाल्या. "दहावीपावतर म्हंजे आमी राहू का तवा?"

उकंडाजी म्हणाले, "तिले इचारा."

उर्वशीला बोलावलं. ओल्या केसांची, लाल नाकाची. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला ते आधीच माहीत होतं, पोरांना सगळं आधी माहीत असतं.

"राहाचं हाय मले," ती म्हणाली. मग हळूच, "पन आजी रडन."

"आजीचं मी पायतो," उकंडाजी म्हणाले. "तू उतर."

शनिवारी सकाळपासून बर्फ पडायला लागलं आणि दिवसभर थांबलं नाही. आम्ही तिघं खिडकीशी बसून होतो. रविवारी सकाळी उघडलं, पण उतारावर मांडीपर्यंत भुसभुशीत बर्फ साचलेलं. अशा बर्फात शिकाऊ पोरगं घातलं की रुतून बसतं. ते दाबून घट्ट करावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे पट्ट्यांच्या चाकांची एक जुनी गाडी होती. तिची पट्टी तुटली होती. परीक्षक वर पोचले होते, पण रस्ता पुन्हा बंद व्हायच्या आत त्यांना पाचला निघणं भाग होतं. आमची गाडी सोमवारची. उतार तीन वाजेपर्यंत तयार झाला तर निवड, नाहीतर या पोरांचं आता पुढच्या वर्षी.

मी भांडायला गेले. मला दुसरं येतं काय. परीक्षकांना थांबवा, गाडी आणखी कुठून मागवा, पोरांचा काय गुन्हा, असं बरंच बोलले. नेमसिंगनं शांतपणे उताराकडे बोट केलं. "बहनजी, मुझसे क्या लड़ती हो. इससे लड़ो." आणि आपल्या सहा माणसांना घेऊन पायांनी बर्फ दाबायला निघून गेला.

मी खोलीत परत आले. रुखमाबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तोंडावरचा दोन दिवसांचा ताण गेला होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आपल्याले नाई म्हनाचं काम नाई पडलं. बर्फानंच सांगतलं."

उकंडाजी खिडकीशी चहाचा कप घेऊन उभे होते.

"मधातून चालून राह्यले ते," ते म्हणाले.

"चालू द्या."

"फुगून बाजूले होईन सारं."

"होऊ द्या."

"असं तं संध्याकाळपावतर नाई होत."

"नाई तं नाई."

त्यांनी कप ठेवला. रुखमाबाईंनी हातातली घडी खाली टेकवली. "हे पाहा. तुमी खाली गेले तं पोट्टी गेली. हे ध्यानात ठेवा अन् मंग जा."

ते खाटेवर बसले. मला वाटलं, बसले म्हणजे बसले. खरं सांगते, त्या घडीला मला काय व्हावं असं वाटत होतं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्यांच्या घरात ती पोरगी सोडून तिसरं कोणी नाही. शेजारी मी राहते, मला माहीत आहे, त्या घरातून ऐकू येतो तो आवाज तिचाच असतो.

मग उकंडाजींनी बूट ओढून घेतले. जन्मभर चप्पल घातलेला माणूस, नाडी बांधता येत नव्हती. रोज सकाळी रुखमाबाईच त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायच्या. आज ते एकटेच खटपट करत बसले. एक गाठ मारली, सुटली. दुसरी मारली, दोन्ही बूट एकमेकांना बांधले गेले. रुखमाबाई बघत होत्या. शेवटी उठल्या, त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि नाड्या सोडून नीट बांधल्या, दुहेरी गाठीनं.

"जा," म्हणाल्या. "अन् कानटोपी घाला."

खाली जाऊन उकंडाजींनी नेमसिंगच्या दंडाला धरून थांबवलं. "ऐसा नही. किनारा पहले." नेमसिंगला कळेना. तेव्हा उकंडाजी स्वतः कडेला गेले आणि चालून दाखवलं. टाच आधी, पंजा मागून, पाऊल पावलाला लावून. मागं वळून नेमसिंगला त्या पट्ट्यावर उभं केलं. तो उड्या मारून बघू लागला. पाय आत गेला नाही.

पुढं सांगायची गरज पडली नाही. नेमसिंगनं घरातल्या सगळ्या पाहुण्यांना बाहेर काढलं. लुधियानाचे बाप, चंदीगडच्या आया, मटार सोलणाऱ्या आजीचा जावई, मी, आम्ही सगळे मिळून तेवीस. उकंडाजींनी रांग लावली, खांद्याला खांदा, आणि जिनिंगात देतात तसा ताल धरला. "हां, दाब. हां, दाब." वरून खाली, खालून वर. रांग वाकडी झाली की ओरडायचे, "ओ पाजी, तुमी फुगवून राह्यले." पाजीला शब्द कळत नव्हता, सूर कळत होता.

अर्ध्या तासानं अमर बाहेर आला, अंगावर स्वयंपाकाचा अप्रन तसाच. बापाच्या शेजारी जागा करून उभा राहिला. त्याला कोणी काही शिकवलं नाही. पहिल्याच पावलाला दोघांची टाच एकदम पडली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

साडेअकरापर्यंत दोन तृतीयांश उतार घट्ट झाला होता. मी मनातल्या मनात विजयी सभाच घेतली. तेवढ्यात नेमसिंग वर गेला, स्की बांधल्या आणि तपासायला म्हणून खाली निघाला. दहा हातांवर त्याची एक स्की अडकली आणि तो बाजूला आडवा पडला. उठला, पुन्हा निघाला, पुन्हा पडला. आयुष्य त्याच उतारावर काढलेला माणूस.

खाली येऊन तो म्हणाला, "बाबाजी, ये तो नालियाँ बन गईं."

उकंडाजी खाली बसले आणि हातानं चाचपून बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. गाडीतला कापूस सपाट असतो. तिथं उभं चाला नाहीतर आडवं, फरक पडत नाही. इथं उतार होता. आम्ही तेवीस जण वरून खाली चाललो, त्यामुळे वरपासून खालपर्यंत पन्नास चऱ्या पडल्या होत्या, आणि स्की त्यात अडकत होत्या. पोरं उतरली असती तर एकेकाचा पाय मोडला असता.

एक बाप हातमोजे काढत म्हणाला, चलो जी, बहुत हो गया, हॉबी पूरी हुई बाबाजी की. मी त्याच्याकडे वळले. उकंडाजींनी हात आडवा केला.

"चूक माही हाय," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी कापसावानी तुडवलं. आता आडवं तुडवू. ज्याले दमलं त्यानं बसावं, चहा प्यावा." अमरनं ते हिंदीत सांगितलं.

मी वीस वर्षं माइकसमोर उभी राहते. "चूक माझी आहे" एवढं वाक्य मी एका सभेतही बोललेले नाही, आणि बोलणारा पुढारीही पाहिलेला नाही. त्या हातमोजेवाल्या बापानं मोजे परत चढवले.

या वेळी दोघांनी मिळून ठरवलं. उकंडाजींची रांग आता एकामागं एक, या कडेपासून त्या कडेपर्यंत उताराला आडवी, दर फेरीला खालून वर सरकत, पाऊल पावलाला लावून. तिच्या मागं नेमसिंगची सहा माणसं स्की बांधून, तीही आडवी, आम्ही केलेले खड्डे मोडत, वरचा पापुद्रा सारखा करत. आम्ही घट्ट करायचं, त्यांनी गुळगुळीत. जिथं पोकळ आहे असं वाटे तिथं उकंडाजी थांबत, दोनदा टाच आपटत, मग पुढं. बूट घालून त्यांना ते नीट कळत नव्हतं, चिडत होते, पण एकदाही बूट काढायला वाकले नाहीत.

अडीचला काम झालं. नेमसिंग वरून निघाला आणि न थांबता खालपर्यंत आला. थांबला तो उकंडाजींच्या समोर. त्यानं त्यांची कानटोपी नीट केली.

खांब रोवले गेले, निळे आणि लाल. चौदा पोरं एकेक करून उतरायला लागली. उर्वशी नववी. रुखमाबाई खाली बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या, माझा हात घट्ट धरून. उर्वशी निघाली. पहिला खांब, दुसरा खांब. तिसऱ्या खांबाशी तिचा तोल गेला. पार खाली बसली, टाचांवर आली.

"पड बाई," रुखमाबाई पुटपुटल्या. "पड, अन् चाल घरी." आणि त्याच श्वासात, "नको नको, पडू नको वो माय, उठ."

ती हात न टेकवता उठली. सरकी पायाखालून पळते तेव्हा पोरं अशीच उठतात, गुडघ्यातून. पुढचे सगळे खांब तिनं घेतले आणि खाली येऊन उभी राहिली. मान वळवून आधी आजीकडे बघितलं.

परीक्षकांनी दोन नावं वाचली. पहिलं त्याच गावच्या एका मुलीचं. दुसरं उर्वशीचं. पोरं ओरडली, नेमसिंगनं तिला खांद्यावर घेतलं. उकंडाजी बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "चहा सांगा कोनी." मी त्यांच्या पायाकडे बघितलं. बुटांच्या आत पाय थरथरत होते, उन्हाळ्यात सलग चार गाड्या भरल्यावर थरथरतात तसे. रुखमाबाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांच्या नाड्या सैल झाल्या होत्या त्या घट्ट केल्या.

सोमवारी निघताना रुखमाबाईंनी अमरला सगळं सांगितलं. तेल आठवड्यातून दोनदा, कान पुसायचे, भेंडी खात नाही म्हणून ओरडायचं नाही, झोपेत पांघरूण काढते म्हणून पहाटे एकदा बघायचं. अमर लहान पोरासारखा मान हलवत होता. उकंडाजींनी नातीला जवळ घेतलं, "उतरतानी खाली पोला लागला तं थांबजो," म्हणाले, "अन् ज्यानं दाबलं त्याले जाऊन सांगजो. रागवजो नको." ती रडली नाही. आम्ही बसमध्ये चढल्यावर रडली, हे खिडकीतून मला दिसलं. उकंडाजी दुसऱ्या बाजूला बसले होते.

पांढरकवड्याला आल्यावर शाळा सोडल्याचा दाखला काढायला मी त्यांच्यासोबत गेले. अमरचं पत्र होतं, उकंडाजींचा अर्ज होता, सगळी कागदपत्रं मी नीट लावलेली. कारकुनानं फॉर्म भरायला घेतला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात त्यानं सवयीनं लिहायला सुरुवात केली, पालकांचे स्थलां...

"थांबा," उकंडाजी म्हणाले. "कोनाचं स्थलांतर झालं? आमी तं इथंच हावो."

"आजोबा, सगळ्यांचं असंच लिहितो."

"सगळ्यांच्या पोट्ट्या कामासाठी गेल्या असतीन. आमची कामासाठी नाई गेली."

"मग काय लिहू?"

"लिवा, बर्फावर उतराले शिकाले गेली."

कारकून हसला. म्हणाला, मुख्याध्यापक सही करणार नाहीत. माझं तोंड उघडलंच होतं. उकंडाजी तोवर फॉर्म उचलून आतल्या दारात उभे राहिले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, काय आहे. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, शिलठाच, नेमसिंग, चौदा पोरं, दोन नावं. तुडवण्याचं काही सांगितलं नाही. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "आपल्या शाळेची?" त्यांनी दोनदा विचारलं. मग कारकुनाला हाक मारून म्हणाले, "ते म्हणतात तसं लिहा. अक्षर चांगलं काढा."

दाखला तयार झाला. उकंडाजींनी तो बोट फिरवत वाचला, रकाना आला तिथं थांबून पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "ताई, याची एक झेरॉक्स काढा."

"कशाला? मूळ प्रत तिकडं पाठवायची, एक शाळेत राहते. तुम्हाला काय करायची?"

"रुखमाबाईले वाचून दाखवाची हाय," ते म्हणाले. "दोन दिस झाले, रोज दोन मान्सांच्या जागी तीन मान्सांच्या भाकरी थापून राह्यली ते."